जुन्या बोटीच्या केबिनमधलं रेक्झिनचं छत कसं रंगवायचं

पंचवीस-तीस वर्षं जुनी फायबरची बोट विकत घेणाऱ्याचं लक्ष आधी इंजिन, शिडं आणि बुडाकडे जातं. छताकडे नजर जाते ती पहिल्यांदा बाकावर पाठ टेकल्यावर. वर पिवळट पडलेलं रेक्झिन, कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके, एखाद्या खिडकीच्या वर चहाच्या रंगाचा ओघळ. बोटवाले या अस्तराला हेडलायनर म्हणतात. फायबरच्या छताला आतून चिकटवलेलं किंवा लाकडी पट्ट्यांवर स्टेपल मारून ताणलेलं व्हिनाइल, म्हणजे आपल्या बोलीतलं रेक्झिन. नवीन घालायचं तर सगळ्या पट्ट्या, दिवे, हॅचच्या, म्हणजे छतातल्या झडपांच्या, आतल्या चौकटी उतरवाव्या लागतात आणि आठवड्यांचं काम निघतं. म्हणून रंगाचा पर्याय पुढे येतो, आणि तो वाईट नाही.

फक्त हे छत म्हणजे घराची भिंत नव्हे. भिंत पाणी शोषते, त्यामुळे रंग तिच्यात मुरतो. रेक्झिनमध्ये काहीच मुरत नाही. शिवाय ते हलतं: उन्हात सैल पडतं, रात्री ताणलं जातं, डेकवर कोणी चाललं की थरथरतं. आणि ते आतून तेल सोडतं. रेक्झिन ज्या प्लास्टिकचं असतं ते पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घातलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. जुन्या रेक्झिनला हात लावल्यावर जाणवणारा चिकटपणा बहुतेक त्याचाच.

ओळखीच्या पेंटरला बोलावलं तर तो छत बघून म्हणेल, "ऑइलपेंट मारून टाकू, पुसता येईल." नाही म्हणा. ऑइलपेंट म्हणजे अल्किड इनॅमल. रेक्झिनमधलं तेल त्यात शिरलं की तो महिनोन्महिने चिकट राहतो, बोटांचे ठसे उमटतात, डास चिकटतात. जिथे तो सुकतो तिथे कडक होऊन घडीवर तडकतो. आणि उजेड न मिळणाऱ्या जागी ऑइलपेंट पिवळा पडतो, केबिनचं छत तर बहुतेक वेळ अंधारातच असतं. एकदा तो लागला की पुढे त्यावर काहीच धड चालत नाही. रेक्झिनच उतरवावं लागतं.

आधी ठरवा: रंगवण्याजोगं आहे का

पुष्कळ बोटींच्या रेक्झिनमागे पातळ फोम असतो. तळहात सपाट ठेवून हलकेच दाबा. फोम जिवंत असेल तर दाबून परत वर येतो. आत कुरकुर आवाज आला, वाळूसारखं काही सरकलं, किंवा रेक्झिन खाली लोंबून पोकळ वाटलं, तर फोमचा भुगा झालाय. मुंबईच्या उष्ण दमट हवेत हा फोम पाण्याच्या वाफेनेच तुटत जातो आणि शेवटी त्याचं चिकट, तपकिरी पीठ होतं. असं रेक्झिन रंगवणं म्हणजे पडायला आलेल्या गिलाव्याला चुना लावणं. वरच्या थराला धरायला मागे काही उरलेलंच नसतं आणि रंगाचं वजन त्याला आणखी खाली ओढतं. हा भाग बदलायचाच. बाकीचा चांगला असेल तर तेवढाच एक ताव बदलून सगळ्याला एकसारखा रंग देता येतो.

मग स्टेपल बघा. शिवणीच्या किंवा पट्टीच्या कडेने तपकिरी टिंबांची रांग दिसत असेल तर साध्या लोखंडाच्या पिना गंजल्यात. रंगाखालूनही गंज वर येतो. चपट्या स्क्रूड्रायव्हरने त्या उपसा आणि त्याच जागी स्टेनलेसच्या पिना मारा. ३१६ ग्रेड मिळाला तर उत्तम, ३०४ चालेल.

डागांचा रंगही वाचता येतो. काळे ठिपके ही पृष्ठभागावरची बुरशी, ती धुऊन जाते. तपकिरी ओघळ म्हणजे डेकमधून पाणी येतंय. ते पाणी डेकच्या आतल्या लाकडातून फिरून, त्याचा रंग घेऊन उतरलंय. गुलाबी डाग मात्र त्रासदायक. रेक्झिनच्या मागच्या ओलीत वाढणारे सूक्ष्मजंतू गुलाबी रंगद्रव्य सोडतात, ते प्लास्टिसायझरमध्ये विरघळतं आणि रेक्झिनच्या आरपार पुढे येतं. ब्लीचने कितीही घासलं तरी ते जात नाही, कारण ते वर नाही, आत आहे. रंगाच्या दोन हातांतूनही वर्षभरात पुन्हा फिकट गुलाबी दिसू शकतं. गुलाबी भाग हातभर असेल तर ताव बदला. नाण्याएवढा असेल तर रंगवा आणि पुन्हा दिसला तर मान्य करा.

गळती थांबवल्याशिवाय ब्रश उघडू नका

डेकवर बसवलेली प्रत्येक वस्तू, म्हणजे रेलिंगचे खांब, दोर बांधायचे क्लीट, हॅचची चौकट, शिडाच्या दोरांच्या कप्प्या, भोकं पाडून आणि नटबोल्ट आवळून बसवलेली असते. त्या भोकांतलं जुनं सीलंट कडक होऊन सुटलं की पाणी आत येतं. पाणी छताच्या आतून उताराने सरकतं आणि भलतीकडेच ठिबकतं, त्यामुळे डागाच्या बरोबर वर गळती असतेच असं नाही.

शोधायची पद्धत सोपी पण चिकाटीची. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने वर पाण्याचा पाइप धरायचा. डेकच्या सगळ्यांत खालच्या बाजूपासून सुरुवात करून वर सरकायचं आणि प्रत्येक जागी १० मिनिटं पाणी सोडायचं. वरून खाली आलात तर सगळंच एकदम ओलं होतं आणि काही कळत नाही. गळका बोल्ट सापडला की काढा, भोक सुकवा, ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) किंवा मरीन पॉलियुरेथेन सीलंट घालून पुन्हा बसवा. बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढून काम भागत नाही. उलट त्या सिलिकॉनचा अंश आत रेक्झिनवर आला तर तिथे रंगच धरत नाही.

बऱ्याच जुन्या छतांना जागोजागी झिप असते, डेकच्या नटांपर्यंत हात जावा म्हणून. झिपचा सरकता तुकडा अॅल्युमिनियमचा असेल तर खाऱ्या हवेत त्यावर पांढरी पूड जमते आणि तो हलतच नाही. ओढलात तर हातात येईल आणि झिपचे दात रेक्झिनसकट फाटतील. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं त्यावर दाबून धरा, मग जुन्या टूथब्रशने दातांमधला क्षार काढा आणि तुकडा आधी बंद होण्याच्या दिशेने केसभर सरकवा, मग उघडण्याच्या. स्प्रेचं तेल इथे मारू नका. त्याचे तुषार आजूबाजूला बसतात आणि नंतर तिथे रंग फुटतो.

मुंबईत हे काम कधी करायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि दुपार भाजत नाही. मार्चनंतर डेक इतकं तापतं की त्याखालचं रेक्झिन हाताला चटका देतं, आणि रोलरचा पुढचा पट्टा ओढेपर्यंत मागचा सुकून पट्टे दिसतात. पावसाळ्यात तर विचारच नको. मान्सून मुंबईत साधारण ११ जूनला येतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परततो. त्या काळात बोट वर काढून ताडपत्रीखाली असली तरी केबिनमधली ओल रंगाला सुकू देत नाही.

दिवसातली वेळही निवडावी लागते. पहाटे केबिनच्या छताला आतून दव धरतं. सकाळी आठला हाताचं बोट फिरवून बघितलं तर रेक्झिन गार आणि दमट लागतं. हॅच उघडून पंखा लावा, नऊपर्यंत सुकू द्या, आणि अकराच्या आत हात संपवा. डेकवर एक ताडपत्री वीतभर उंच बांधली तर आणखी तासभर मिळतो.

बोट पाण्यातच असेल तर लाटांचा हिशेब करा. गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच कायम बांधून ठेवलेल्या, बोटी जाणाऱ्या-येणाऱ्या लाँचच्या लाटांनी दिवसभर डोलतात, आणि रंगाचा ट्रे बाकावरून खाली यायला एक लाट पुरते. एलिफंटाची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी तिथली वर्दळ कमी असते. मांडव्याच्या फेऱ्या सुरूच असतात, पण रोलर चालवायला सोमवार बरा. ट्रेऐवजी झाकणाची छोटी बादली घ्या आणि ती दुसऱ्या मोठ्या बादलीत ठेवा. शक्य असेल तर बोट वर काढलेली असतानाच हे काम उरका.

सामान आणि हिशेब

आपले रंगवाले चौरस फुटांत बोलतात, म्हणून मापही फुटांत घ्या. छताच्या प्रत्येक तावाची लांबी गुणिले रुंदी काढा; पुढच्या केबिनचा ताव त्रिकोणी असतो, त्याचं निम्मं धरा. २८ फुटी बोटीत छत आणि बाजूंचं अस्तर मिळून साधारण १३० चौरस फूट भरतं. रेक्झिन रंग पीत नाही, त्यामुळे एका लिटरमध्ये एका हाताला १०० चौरस फूट सहज निघतात. म्हणजे प्रायमरचा एक हात सव्वा लिटर, रंगाचे दोन हात अडीच-पावणेतीन लिटर. प्रायमरचे एक लिटरचे दोन डबे आणि रंगाचा चार लिटरचा एक डबा घ्या. उरलेला रंग वाया जात नाही, नंतर टचअपला लागतोच.

प्रायमर हा या कामाचा कणा. डब्यावर "टाइल, काच, प्लास्टिक अशा गुळगुळीत पृष्ठभागांसाठी" असं लिहिलेला, पाण्यात पातळ होणारा बाँडिंग प्रायमर हवा. भिंतीचा साधा वॉटर प्रायमर शोषणाऱ्या गिलाव्यासाठी असतो, तो रेक्झिनवरून नखाने निघतो. वुड प्रायमर तेलाचा, तो नको. गाडीच्या बंपरसाठी मिळणारा प्लास्टिक प्रायमर वेगळ्या प्लास्टिकसाठी बनवलेला असतो आणि त्यातलं सॉल्व्हंट रेक्झिनला मऊ करतं, तोही नको.

रंग घ्यायचा तो बाहेरच्या भिंतीचा पूर्ण अॅक्रिलिक इमल्शन. घरातल्या स्वस्त इमल्शनपेक्षा त्यात चिकटद्रव्य जास्त असतं, त्याची फिल्म लवचिक असते आणि बुरशीरोधकही आधीच घातलेलं असतं. गच्चीसाठी मिळणारी जाड रबरी कोटिंग टाळा. ती रेक्झिनचे बारीक दाणे बुजवते आणि हाताला कायम चिकट लागते. पांढराशुभ्र रंग केबिनमध्ये दवाखान्यासारखा दिसतो. ऑफव्हाइट किंवा फिकट क्रीम बघा. पूर्ण मॅट घेतला तर हाताचे डाग बसतात, ग्लॉस घेतला तर प्रत्येक सुरकुती ओरडून सांगते. मधला, मंद चकाकीचा फिनिश बरोबर.

बाकीचं सामान: ४ इंची मायक्रोफायबर रोलर, आखूड लवेचा, दोन दांडे आणि चार बदली रोल, १ इंची मऊ ब्रश दोन, मास्किंग टेप, पातळ प्लास्टिकचा रोल, हिरव्या घासण्या डझनभर, पांढरी सुती फडकी, ट्रायसोडियम फॉस्फेट अर्धा किलो, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक लिटर, ब्लीच, रबरी हातमोजे, चष्मा, एन-९५ मास्क. रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळतात, स्टेनलेसच्या पिना, स्क्रू आणि हत्यारं नागदेवी स्ट्रीटवर. आणि गोडं पाणी, २० लिटरचे तीन कॅन तरी. समुद्राच्या पाण्याने छत धुणं म्हणजे मीठ फासणं. मीठ हवेतली ओल ओढतं आणि रंगाखाली फोड आणतं.

उतरवणं आणि झाकणं

बॅटरीचा मेन स्विच बंद करा, मग दिवे उतरवा. तारा सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक तारेला टेपचा तुकडा लावून नंबर घाला. सागवानी पट्ट्या उतरवताना मागच्या बाजूला पेन्सिलीने "डावी २", "उजवी ३" असं लिहा. सगळ्या सारख्या दिसतात, पण एकीचीही भोकं दुसरीला जुळत नाहीत. खिडक्यांच्या अॅक्रिलिक काचा प्लास्टिकने पूर्ण झाका. अल्कोहोलचे थेंब उडाले तर अशा जुन्या, ताणाखालच्या काचांवर केसासारख्या भेगा पडतात आणि त्या परत जात नाहीत. खाली वर्तमानपत्र पसरू नका, ओलं झालं की त्याची शाई गाद्यांखालच्या लाकडावर उमटते. आणि गाद्या बोटीबाहेर.

धुणं

रंगकामाचा निम्मा वेळ इथे जायला हवा. स्वयंपाकाची वाफ, डिझेलची काजळी, सिगारेटचा धूर, वर्षानुवर्षं लागलेले हात, हे सगळं त्या छतावर पातळ थराने बसलेलं असतं.

पहिल्यांदा बुरशी. मास्क आणि चष्मा लावा, कारण डोक्यावरचं काम आहे, सगळं तोंडावर येतं. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग. फडक्याने लावा, दहा मिनिटं ठेवा, गोड्या पाण्याने दोनदा पुसा. कोरड्या बुरशीला ब्रशने झाडू नका, कण सगळ्या केबिनभर होतात. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका. टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगरमधल्या आम्लाने त्यातून क्लोरिन वायू निघतो, अमोनियाच्या काच-क्लीनरने क्लोरामाइन. बंद केबिनमध्ये दोन्ही जीवघेणे. सगळे हॅच उघडे आणि पंखा बाहेरच्या दिशेने लावलेला हवा.

दुसऱ्या दिवशी तेलकटपणा. ट्रायसोडियम फॉस्फेट एक टेबलस्पून प्रति लिटर कोमट पाणी, हिरवी घासणी, गोल हात. दीड-दोन फुटांचा चौकोन घासा, लगेच पुसा, मग पुढचा. घासणी रेक्झिनची वरची चकाकीही थोडी मारते, त्यामुळे प्रायमरला पकड मिळते. वेगळा सँडपेपर नको. ८० नंबरच्या कागदाने रेक्झिनचा दाणा फाटतो आणि ते ओरखडे रंगातून दिसतात. हे पाणी खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या पोकळीत, जाणार हे गृहीत धरा. बिल्ज पंप ऑटोवर असेल तर तो सगळं साबणाचं पाणी समुद्रात फेकेल. ऑटो बंद करा आणि स्पंजने पाणी बादलीत घ्या.

तिसरं, शेवटचं पुसणं आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पांढरं फडकं ओलसर करा, एक हात फिरवा, फडक्याकडे बघा. पिवळं आलं तर फडकं उलटा आणि पुन्हा. फडकं पांढरंच परत आलं की ती जागा झाली. हे करताना गॅसचा सिलिंडर बंद, शेगडी बंद, इंजिन बंद, आणि कोणीतरी बाहेर बसलेलं हवं. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बिल्जमध्ये साचते. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल यांतलं काहीही वापरू नका. दोन मिनिटांत रेक्झिनचा वरचा थर मऊ होऊन फडक्याला चिकटतो.

आधीच्या मालकाने छताला डॅशबोर्ड पॉलिश चोळलं असेल तर वेगळी भानगड. त्यात सिलिकॉन असतं. ते डोळ्याला दिसत नाही, पण प्रायमर लागताच गोल गोल खड्डे पडतात, मधे रेक्झिन उघडं आणि भोवती रंगाची कडा. शंका असेल तर साबणपाणी आणि अल्कोहोलचा फेरा तीनदा करा, प्रत्येक वेळी नवं फडकं. जुनं फडकं सिलिकॉन इकडून तिकडे नेतं एवढंच.

छोट्या चिरा आता बुजवा. आडव्या फाटीखाली रेक्झिनचाच तुकडा सरकवून रेक्झिनच्या चिकटद्रव्याने जोडा. केसाएवढ्या भेगेत पेंट करता येणारं अॅक्रिलिक सीलंट बोटाने भरा. भिंतीची पुट्टी नको, छत पहिल्यांदा हललं की ती खडूसारखी निघते.

वीतभर जागेवर चाचणी

ही पायरी कंटाळवाणी म्हणून बहुतेक जण गाळतात. कपाटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात वीतभर चौकोन धुवा, प्रायमर द्या, दुसऱ्या दिवशी रंग द्या, आणि आठवडाभर थांबा. मग नव्या ब्लेडने, रेक्झिन न कापता फक्त रंगापुरत्या, २ मिलिमीटर अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढा. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून घासा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन जागच्या जागी राहिले तर पुढे जा. कडेचे दोन-चार तुकडे उडाले तर धुणं कमी पडलं. सगळा चौकोन पट्टीवर आला तर प्रायमर बदला. शेवटी त्याच जागी टिश्यू पेपर अंगठ्याने दाबा. आठवड्यानंतरही तंतू चिकटत असतील तर त्या रेक्झिनमधून तेल फार येतंय, आणि ते बदलणंच शहाणपणाचं.

प्रायमर आणि रंग

प्रायमर पांढरा, रंगही जवळजवळ पांढरा, आणि उजेड कमी. अशा वेळी कुठे लागलं आणि कुठे राहिलं ते कळत नाही. प्रायमरच्या डब्यात काळ्या स्टेनरचे (रंगछटेसाठी मिसळायच्या द्रव्याचे) चार-पाच थेंब घाला आणि नीट ढवळा. फिकट राखाडी झाला की पुढचा प्रत्येक हात स्पष्ट दिसतो.

सुरुवात पुढच्या केबिनच्या टोकापासून, शेवट पायऱ्यांपाशी. नाहीतर स्वतःलाच कोंडून घ्याल. आधी ब्रशने शिवणी आणि कडा ओढून घ्या, एका वेळी दोन फुटांपर्यंतच, आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. रोलर बादलीच्या जाळीवर इतका निथळा की उलटा धरला तरी थेंब पडणार नाही. छतावर जाड थर देणारा माणूस अर्धा रंग कपाळावर घेतो, आणि शिवणीत साचलेला रंग नंतर तडकतो. शिवणीतला जास्तीचा रंग कोरड्या ब्रशने लगेच ओढून काढा. शेवटचा हलका हात सगळीकडे एकाच दिशेने, बोटीच्या लांबीने. डोक्यावरचा टॉर्च काढून आडवा, छताला जवळजवळ समांतर धरा. सुटलेल्या जागा सावलीसारख्या दिसतात.

रेक्झिनला बारीक भोकं असतील, तर ती आवाज शोषण्यासाठी असतात. रोलर तिथे फार हलका चालवा, आणि भोकं भरली असं वाटलं तर ओलं असतानाच ब्रशच्या टोकाने ठोका.

प्रायमर हाताला कोरडा लागला तरी मुंबईत पुढच्या हाताला एक रात्र जाऊ द्या. डब्यावर चार तास लिहिलेले असतात, ते दमट हवेसाठी नसतात. दुसऱ्या दिवशी रंगाचा पहिला हात, ५ टक्क्यांपर्यंत पाणी घालून, तिसऱ्या दिवशी दुसरा, पाणी न घालता. दुसरा हात संपताच, रंग पूर्ण सुकायच्या आत, मास्किंग टेप तिरकी ओढून काढा. सुकल्यावर काढली तर रंगाची कड सालीसारखी उचलली जाते.

गाड्यांच्या दुकानांत मिळणारा व्हिनाइल स्प्रे चांगला असतो, तो रेक्झिनला धरतो आणि दाणा बुजवत नाही. पण एका डब्यात पंधरा-वीस चौरस फूटच निघतात, आणि त्यातल्या सॉल्व्हंटची वाफ पेट घेणारी आणि गुंगी आणणारी असते. जे ताव पट्ट्यांसकट उतरवता येतात त्यांच्यासाठी तो वापरा, आणि तेही धक्क्यावर, मोकळ्या हवेत, सॉल्व्हंटची वाफ अडवणाऱ्या ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क लावून. केबिनमध्ये नको.

बिघडलं तर

साल एका तुकड्यात निघते आणि मागे प्रायमरही येतो: धुणं कमी पडलं, किंवा सिलिकॉन. तो तुकडा जिथपर्यंत सहज निघतो तिथपर्यंत काढून पुन्हा धुण्यापासून सुरू करा, वरून जोड देऊ नका. फोड आले असतील तर खालची ओल किंवा तापलेलं छत कारण असतं. सुई टोचा, पाणी आलं तर गळती बाकी आहे. शिवणीवर भेगा पडल्या तर रंग साचला होता. भेग अॅक्रिलिक सीलंटने भरा आणि पातळ हात द्या. तपकिरी रेघ नव्या रंगातून वर आली तर वरचा बोल्ट पुन्हा तपासा. गळती नक्की थांबली असेल आणि फक्त जुना डाग झिरपत असेल, तर घट्ट चिकटलेल्या, न हलणाऱ्या भागावर सुतारांच्या लाखेच्या पॉलिशचा एक पातळ ठिपका डाग अडवतो, पॉलिश मेण काढलेलं हवं. ताणलेल्या, हलत्या रेक्झिनवर लाख तडकते, तिथे नको.

परत बसवताना आणि नंतर

इमल्शन हाताला लवकर सुकतो, पण पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार आठवडे घेतो. आठवड्याच्या आत सागवानी पट्ट्या आवळल्यात तर पट्टीचं वार्निश आणि नवा रंग एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या वेळी पट्टी काढताना रंगाचा पट्टाही निघतो. आठवडाभर थांबा, पट्टीच्या मागे चिमूटभर टाल्कम पावडर चोळा, मग स्क्रू हाताने बसवा, ड्रिलने नाही. झिपच्या दातांवर आता मेणबत्ती घासा. रंगाआधी घासली असती तर मेण रंगाखाली गेलं असतं.

महिनाभर छत पुसायचं झालं तर नुसत्या ओल्या फडक्याने. नंतर साबण चालेल, डॅशबोर्ड पॉलिश कधीच नाही. पावसाळ्यात ताडपत्रीखाली बोट ठेवताना पुढचा हॅच बोटभर उघडा राहील असा लाकडाचा ठोकळा घाला, ताडपत्रीची दोन्ही टोकं हवेसाठी मोकळी ठेवा आणि गाद्या उभ्या करा. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवलेत तर दर पंधरवड्याला पाणी ओतून या, भरून सांडले तर ते खारं पाणी बाकाच्या लाकडात मुरतं.

उरलेला रंग घरी नेऊन काचेच्या बरणीत गच्च भरा, आणि बरणीवर शेडचा नंबर, दुकानात मिसळलेल्या स्टेनरची चिठ्ठी आणि तारीख चिकटवा. बोटीच्या कपाटात ठेवलात तर मे महिन्यातच त्याचा घट्ट गोळा होईल.